थंडीतलं ऊन आणि अप्पांचा मोतीबिंदू

वाचकाचं पत्र

डॉक्टर ताई, नमस्कार.

मी यावल तालुक्यातला केळी बागायतदार. वय ४३. तीन वर्षांपूर्वीच चाळिशी लागली. वडील, म्हणजे आमचे अप्पा, ६९ वर्षांचे. मागच्या महिन्यात त्यांचे डोळे तपासले, तर दोन्हीकडे मोतीबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, “आयुष्यभर उन्हात काम केलंय ना, त्याचं आहे हे.” अप्पांना ते अजिबात पटलेलं नाही. “मले आता पेपर वाचाले चष्माबी लागत नही,” असं ते गावभर सांगतात. आणि ते खरं आहे, वीस वर्षांचा चष्मा वर्षभरात सुटला. पण ओट्यावर बसलेले असताना रस्त्याने जाणारा माणूस त्यांना ओळखू येत नाही. अप्पा बिडी ओढायचे, आता सोडली. शेजारचे म्हणतात, पिकू द्या, मग काढा.

माझेही डोळे उन्हाधुळीत लाल होतात. मेडिकलवाला एक ड्रॉप देतो, तो टाकला की लगेच बरं वाटतं. बाजारातून दीडशे रुपयांचा गॉगल आणला, तर बायको आणि बागेतले मजूर दोघंही हसतात. मुलगी अकरा वर्षांची आहे, शाळेकडून धावते, रोज मैदानावर असते. तिला उन्हात जाऊ द्यावं का? आम्ही मे महिन्यात बारा ते चार घराबाहेर पडतच नाही. एवढं पुरेसं नाही का? उन्हाने डोळे खरंच लवकर म्हातारे होतात का?

— एक बागायतदार

उत्तर

भाऊ, तुमचे प्रश्न बरेच आहेत, पण मी अडले ती ‘बारा ते चार’ या शब्दांपाशी. उष्माघात टाळायला ही सवय उत्तम आहे, ती मोडू नका. डोळ्यांना मात्र तिचा फायदा तुम्हाला वाटतो तेवढा होत नाही. आपल्याकडे उन्हाचं माप म्हणजे चटका. भुसावळचा पारा कुठवर गेला, डांबर पातळ झालं का, कोणाला लू लागली का, यावर आपण ऊन मोजतो. डोळ्यातल्या भिंगाला जे किरण बाधतात ते अतिनील, म्हणजे यूव्ही. त्यांचा चटका बसत नाही आणि ते दिसतही नाहीत. बाहेर ४६ अंश असोत की डिसेंबरातल्या सकाळचे १२, त्यांचं प्रमाण पाऱ्यावरून कळत नाही. सूर्य आकाशात किती वर आहे आणि मधे ढग, धूळ किती आहेत, यावर ते ठरतं.

सूर्याकडून निघालेल्या अतिनील किरणांपैकी सगळ्यांत घातक पट्टा ओझोनचा थर वरच अडवतो. जे खाली पोचतात त्यातले काही बुबुळावरची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, शोषून घेते. उरलेले जवळजवळ सगळे तिच्यामागचं भिंग स्वतःवर घेतं. म्हणून मोठ्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत ते फारच थोडे जातात. पडदा वाचतो, भिंग झिजतं.

आता कोनाचा मुद्दा, जो आपल्याकडे कोणी सांगत नाही. भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो. आपण साधारण २१ अंश अक्षांशावर राहतो, त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तो बरोबर माथ्यावर येतो आणि शाळेतली मुलं काठी रोवून शून्य सावली बघतात. अशा वेळी भुवईचं हाड, मिचकावलेली पापणी आणि आपसूक खाली गेलेली मान डोळ्याला झाकतात. सूर्य आकाशात साधारण चाळीस अंशांवर असला की तो सरळ डोळ्यात शिरतो. जपानमध्ये कानाझावा वैद्यकीय विद्यापीठातल्या डॉक्टरांनी एका पुतळ्याच्या डोळ्यांत आणि डोक्यावर अतिनील किरण मोजणारे सेन्सर बसवून दिवसभर नोंदी घेतल्या. डोक्यावरच्या सेन्सरचा आकडा दुपारी बाराच्या आसपास सर्वांत मोठा होता. सूर्याकडे तोंड करून ठेवलेल्या पुतळ्याच्या डोळ्यातला मात्र सकाळी आठ ते दहा आणि दुपारी दोन ते चार या वेळात वर गेला.

हे आपल्या वेळापत्रकावर बसवून बघा. मेमध्ये आपल्याकडे सूर्य चाळीस अंशांवर येतो तो सकाळी पावणेनऊच्या सुमारास, आणि उतरताना चारच्या आसपास. म्हणजे ठिबकच्या नळ्या बघून तुम्ही मोटरसायकलवर घरी परतता तेव्हा, आणि ‘आता ऊन उतरलं’ म्हणून पुन्हा बाहेर पडता तेव्हा. डिसेंबरात तर गंमतच आहे. भर दुपारीसुद्धा सूर्य पंचेचाळीस अंशांच्या आसपासच चढतो. किरणांचा जोर मेपेक्षा कमी असतो हे खरं, पण कपाशी वेचायच्या त्या दिवसांत सूर्य तासन्‌तास डोळ्याच्या रेषेत राहतो, ऊन हवंहवंसं वाटतं, डोक्यावर कोणी काही घेत नाही. आणि म्हाताऱ्यांना उन्हाकडे तोंड करून बसायला खुर्ची आपणच टाकून देतो. ती खुर्ची यंदा उलटी टाका. पाठ शेकली तरी ऊब तेवढीच मिळते.

आता तुमचा मुख्य प्रश्न, उन्हाने डोळे म्हातारे होतात का. होतात, पण ते समजायला भिंग वाढतं कसं हे माहीत हवं. केळीचं खोड आडवं कापलेलं तुम्ही रोज बघता. नवं पान मधून येतं, जुनी सोपटं बाहेर ढकलली जातात, वाळली की तुम्ही ती ओढून टाकता. भिंगात नेमकं उलटं चालतं. नवे थर बाहेरून चढतात, जुने आत दाबले जातात, आणि टाकून काहीच देता येत नाही. जेमतेम नऊ-दहा मिलिमीटर रुंदीचं हे भिंग, त्यात एकही रक्तवाहिनी नाही. त्याच्या अगदी मधल्या गाभ्यातली प्रथिनं तुम्ही आईच्या पोटात होतात तेव्हाची आहेत. कातडी बदलते, रक्त बदलतं, हाडही हळूहळू बदलतं, हा गाभा बदलत नाही. इतका बदलत नाही की डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००८मध्ये मृत माणसांच्या भिंगातला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, मोजून त्यांचं जन्मवर्ष काढून दाखवलं. १९५०-६०च्या दशकांत झालेल्या अणुचाचण्यांनी हवेत वाढलेला हा कार्बन त्या त्या वर्षी जन्मलेल्यांच्या भिंगात कायमचा राहून गेला होता. याच युक्तीने २०१६मध्ये ग्रीनलँड शार्क माशाचं वय काढलं, तर सर्वांत मोठी मादी जवळपास चारशे वर्षांची असावी असा अंदाज निघाला. विषय थोडा भरकटला, पण मुद्दा हाच की या भिंगावर एकदा जे बसलं ते पुसलं जात नाही. विशीतलं ऊन आणि साठीतलं ऊन एकाच खात्यात जमा होतं.

भिंगातल्या प्रथिनांना क्रिस्टलिन म्हणतात. ती दाटीवाटीने पण नेटकी बसलेली असतात, म्हणून भिंग पारदर्शक राहतं. अतिनील किरण आणि नुसतं वयसुद्धा या प्रथिनांची मोडतोड करतात. मोडलेली प्रथिनं एकमेकांना चिकटून गठ्ठे व्हायला लागतात, गठ्ठ्यांवर प्रकाश विखुरतो आणि भिंग गढूळ होतं. हाच मोतीबिंदू. क्रिस्टलिनचाच एक प्रकार मोडक्या प्रथिनांना धरून ठेवायचं, गठ्ठा होऊ न द्यायचं काम करतो. चाळिशी-पन्नाशीपर्यंत गाभ्यातला त्याचा मोकळा साठा संपत येतो. अतिनील किरण अडवण्यासाठी भिंग स्वतःच काही द्रव्यं तयार करतं, वयाबरोबर तीही प्रथिनांना चिकटतात आणि भिंग पिवळसर, मग तपकिरी होत जातं. हे इतकं सावकाश होतं की माणसाला पत्ता लागत नाही. अप्पांना काळ्या आणि गडद निळ्या कापडातला फरक विचारून बघा.

तुमची चाळिशी हा याच गोष्टीचा पहिला टप्पा. तुमच्या मुलीचं भिंग मऊ आहे, ते झटकन फुगतं, म्हणून वही नाकाजवळ धरली तरी तिला अक्षर दिसतं. वयाबरोबर भिंग कडक होतं आणि जवळचं दिसायला जेवढं फुगावं लागतं तेवढं फुगत नाही. उष्ण मुलखात चाळिशी थोडी आधी लागते, ही जुनी आणि अनेक देशांतली नोंद आहे. त्यामागे उष्णता किती आणि किरण किती यावर मतं वेगळी आहेत. चाळिसाव्या वर्षी लागलेला वाचायचा चष्मा हे आपल्याकडे नेहमीचं आहे, त्याची धास्ती घेऊ नका.

आता अप्पा. त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे आणि त्या डॉक्टरांचंही.

बाहुली मोठी करणारं औषध टाकून भिंग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की म्हातारपणाचे मोतीबिंदू मुख्यतः वेगवेगळ्या जागी दिसतात. एकात मधला गाभा पिवळा-तपकिरी, कडक झालेला असतो. दुसऱ्यात गाभा बरा असतो, पण कडेने पांढऱ्या पाचरी उगवून मध्याकडे सरकत असतात. या पाचरी बहुतेक वेळा भिंगाच्या खालच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून सुरू होतात. नाकाकडूनच का, याचं एक स्पष्टीकरण असं, की कानाच्या बाजूने तिरका येणारा प्रकाश बुबुळाच्या काचेवर वाकतो आणि पलीकडे, नाकाकडच्या भागावर एकवटतो. उन्हाधुळीत राबणाऱ्यांच्या डोळ्यात पांढऱ्यावरून बुबुळावर मांसाचा पडदा चढतो ना, तोही बहुधा नाकाकडूनच चढतो.

उन्हाचा पक्का संबंध दिसतो तो या पाचरींच्या मोतीबिंदूशी. अमेरिकेत मेरिलँडच्या चेसापीक खाडीत मासेमारी करणाऱ्या ८३८ जणांचा अभ्यास १९८८मध्ये प्रसिद्ध झाला. कोण किती वर्षं, कोणत्या महिन्यांत पाण्यावर होता, हॅट घालायचा की नाही, चष्मा होता की नाही, हे एकेकाला विचारून प्रत्येकाच्या डोळ्यांना जन्मभरात किती अतिनील किरण लागले असतील याचा हिशेब मांडला गेला. ज्यांचा हिशेब दुप्पट, त्यांना पाचरींच्या मोतीबिंदूचा धोका १.६ पट निघाला. गाभ्याच्या मोतीबिंदूचा मात्र या किरणांशी संबंध दिसला नाही.

आणि अप्पांचा चष्मा सुटला तो गाभ्यामुळे. गाभा कडक झाला की भिंगाची ताकद वाढते, डोळ्याला उणे नंबर येतो. जवळचं बिनचष्म्याचं दिसू लागतं आणि लांबचं धूसर होतं. घरोघरी असे आजोबा-आजी सापडतात, सत्तरीत सुईत दोरा ओवतात आणि सगळ्यांना बोलावून दाखवतात. डोळे सुधारल्याचं ते लक्षण नव्हे, मोतीबिंदू पुढे सरकल्याचं आहे. गाभ्याच्या मोतीबिंदूशी धूम्रपानाचं नातं अनेक अभ्यासांत पक्कं झालं आहे. म्हणून अप्पांच्या बाबतीत वय आणि बिडी आधी, ऊन नंतर. पाचरीही असतील तर त्या डॉक्टरांचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जास्तीत जास्त वीस टक्के मोतीबिंदूंमागे अतिनील किरणांचा हात असू शकतो. उरलेल्यात वय, मधुमेह, तंबाखूचा धूर, डोळ्याला लागलेला मार, बायकांच्या बाबतीत चुलीचा धूरही, आणि स्टेरॉइड.

स्टेरॉइडवर मी जरा थांबणार आहे, कारण तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती ओळ उन्हाची नव्हती. ‘मेडिकलवाला एक ड्रॉप देतो, लगेच बरं वाटतं’ ही होती. ती बाटली आत्ता हातात घ्या आणि बारीक अक्षरात काय लिहिलंय ते चाळिशी लावून वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, यांपैकी काही दिसलं तर ते स्टेरॉइड. लाली त्याने झटपट जाते, म्हणूनच ते खपतं. पण महिनोन्‌महिने, मनाने टाकत राहिलं तर भिंगाच्या मागच्या बाजूला, बरोबर मधोमध मोतीबिंदू धरतो आणि तो तरण्या वयातही येतो. त्याहून वाईट म्हणजे काही जणांच्या डोळ्यातला दाब चढतो. दुखत नाही, खुपत नाही, आणि काचबिंदू होऊन गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूवर ऑपरेशन आहे, काचबिंदूने गेलेल्या नजरेवर नाही. उन्हाने भिंगाचं जे नुकसान व्हायला तीस वर्षं लागतील ते ही बाटली फार थोड्या काळात करू शकते. उद्या गॉगल घ्या किंवा घेऊ नका, पण स्वतःच्या मनाने ही बाटली विकत घेणं आज बंद करा. डॉक्टरांनी लिहून दिलेली असेल तर मात्र मधेच सोडू नका, त्यांना विचारून कमी करा. धुळीने डोळा लाल झाला तर स्वच्छ पाण्याने धुवा, चोळू नका, आणि पुन्हा पुन्हा होत असेल तर दाखवा. मोतीबिंदू विरघळवणारे म्हणून जे थेंब मोबाइलवर फिरतात त्यातला एकही माणसांवर सिद्ध झालेला नाही. मध, कांद्याचा रस वगैरे डोळ्यात घालणाऱ्यांच्या बुबुळाला जखम होऊन फूल पडू शकतं. व्हिटॅमिनच्या गोळ्यांवर पैसे घालवू नका. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निकाल २००१मध्ये आले. त्यात या गोळ्यांनी मोतीबिंदू थांबलाही नाही की लांबलाही नाही.

गॉगलकडे येऊ. तुमचा दीडशेचा गॉगल वाईटच असेल असं मी म्हणणार नाही. काही स्वस्त प्लास्टिकही अतिनील किरण चांगले अडवतं. पण ते काळेपणावरून कळत नाही, आणि डोळ्याला गार वाटण्यावरून तर मुळीच नाही. काच गडद असेल आणि अतिनील किरण आत सोडत असेल, तर अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि उलट जास्त किरण आत जातात. चष्म्याच्या बऱ्याच दुकानांत हे तपासायचं छोटं यंत्र असतं. गॉगल तिथे घेऊन जा, दोन मिनिटांचं काम आहे. नवा घेताना ‘यूव्ही ४००’, म्हणजे जवळजवळ सगळे अतिनील किरण अडवणारा, आहे का हे विचारा. पोलराइज्ड म्हणजे चकाकी कमी करणारा, अतिनील किरण अडवणारा असेलच असं नाही. उन्हात आपोआप काळी होणारी काच चांगली, पण कडक उष्णतेत ती कमी काळी होते, त्यामुळे मे महिन्यात ‘ही काच बिघडली’ असं वाटेल. ती बिघडलेली नसते. ब्लू-कट, म्हणजे निळा उजेड अडवणारी काच, वगैरेसाठी जादा पैसे मोजायची गरज नाही.

आकाराला मात्र किंमत द्या. समोरून लहान आणि बाजूने उघडा गॉगल असेल तर कानाकडून येणारा तो तिरका प्रकाश आरामात आत येतो, आणि वर सांगितल्याप्रमाणे नेमका तोच नडतो. बागेत काम करणाऱ्याला माझा पहिला सल्ला गॉगलचा नसतो. हार्डवेअरच्या दुकानात पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक सेफ्टी चष्मा मिळतो, बाजूला पाखं असलेला. पॉलिकार्बोनेट जवळजवळ सगळे अतिनील किरण अडवतं, काळं असायची गरज नाही. फवारणीचे शिंतोडे आणि पानाची धार यांपासूनही डोळा वाचतो. आणि तो कामाचा चष्मा दिसतो, त्यामुळे मजूर हसणार नाहीत. दोन-चार जादा आणा, त्यांनाही द्या. तुमच्या चाळिशीची काच पुढच्या वेळी बदलाल तेव्हा तीही अतिनील किरण अडवणारी घ्या, म्हणजे घालून बाहेर पडलात तरी चालेल.

टोपीचं काय? आपली पांढरी टोपी डोकं झाकते, डोळे नाही. तिला काठच नसतो. कान-डोकं गुंडाळून बांधलेला रुमाल लू लागू देत नाही, पण डोळे उघडेच. चारी बाजूंनी तीन-चार बोटं काठ असलेली हॅट घातली तर डोळ्यात जाणारे किरण निम्म्याच्या आसपास कमी होतात. समोरून झापड असलेली क्रिकेटची टोपी बाजूने उघडी, तरी काहीच नसण्यापेक्षा बरी. कपाशी वेचणाऱ्या बायका पदर कपाळावर पुढे ओढून घेतात, ती सवय डोळ्यांसाठी खरोखर चांगली आहे. त्यात भर म्हणून आतून कडक झापडीची टोपी घातली तर आणखी बरं. एका बाबतीत आपण नशीबवान आहोत. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परतवतो, कोरडी वाळू १५च्या आसपास, आपली काळी माती आणि हिरवी बाग अगदी थोडे. म्हणून खालून येणाऱ्या उन्हाची चिंता तापीच्या वाळूत असाल तेव्हा करा. केळीच्या दाट बागेत तर सावलीच असते. तुमचं ऊन आहे ते बांधावर, ट्रॅक्टरवर आणि रस्त्यावर.

मुलीला मैदानावरून घरी बोलावू नका. लहान मुलांचं भिंग जास्त स्वच्छ असतं आणि किरण जास्त आत सोडतं, म्हणून तिची काळजी घ्यायची हे बरोबर. पण रोज बाहेरच्या उजेडात राहणाऱ्या मुलांना उणे नंबरचा चष्मा लागायचं प्रमाण कमी असतं, हेही तितकंच पक्कं आहे. तैवानने २०१०पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास बाहेर काढायचा कार्यक्रम याचसाठी सुरू केला. झाडाच्या सावलीतला उजेडही त्यासाठी पुरतो. सराव सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर ठेवता येईल का, हे शाळेतल्या सरांना विचारा. काठाची टोपी घालू द्या, आणि डोळे बारीक करून धावत असेल तर यूव्ही ४००चा, न घसरणारा, फार काळा नसलेला चष्मा. सूर्याकडे टक लावून बघायचं नाही, ग्रहणात तर नाहीच. त्यात भिंग नव्हे, पडदा जळतो.

राहिलं ते ‘पिकू द्या’. हा सल्ला चुकीचा नव्हता, जुना झाला आहे. पूर्वी अख्खं भिंग बाहेर काढावं लागे आणि ते पिकलेलं असलं की सोपं जाई. त्यानंतर जाड भिंगाचा चष्मा. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची सुरुवात लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी १९४९मध्ये केली, आणि ध्वनिलहरींनी भिंग फोडून बारीक छिद्रातून ओढून घ्यायची पद्धत चार्ल्स केलमन यांनी १९६७मध्ये आणली. या पद्धतीत भिंग जितकं कडक तितकं ते फोडायला जड. म्हणजे थांबून अप्पांचं ऑपरेशन सोपं होणार नाही, अवघडच होईल. फार पिकलेला मोतीबिंदू कधी कधी आतून झिरपतो, दाब चढतो, डोळा लाल होऊन ठणकतो. २०१५ ते २०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंधत्वापैकी ६६.२ टक्के मोतीबिंदूमुळे आढळलं. ज्याला इलाज आहे त्याच आजाराने आपल्याकडे सर्वाधिक माणसं आंधळी राहतात.

ऑपरेशन कधी, याचं माझं माप साधं आहे. मोतीबिंदूमुळे रोजचं काही अडतंय का? माणूस ओळखू येत नाही म्हणजे अडतंय. पायरी चुकते का, रात्री समोरच्या गाडीचा दिवा फुटल्यासारखा दिसतो का, हेही विचारा. सरकारी रुग्णालयांत हे ऑपरेशन मोफत होतं, जळगाव आणि धुळे दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. आता बसवतात त्या बहुतेक कृत्रिम भिंगांत अतिनील किरण अडवायची सोय असतेच. पिवळं भिंग निघाल्यावर अप्पा पहिले काही दिवस म्हणतील की सगळं निळं-पांढरं झालंय, घराला रंग दिला का. घाबरू नका, खरा रंग तोच.

तुम्हीही त्यांच्यासोबत तपासून घ्या. चाळिशीनंतर दोन वर्षांतून एकदा डोळ्यातला दाब बघायलाच हवा, आणि तुम्ही ते ड्रॉप वापरलेत म्हणून या खेपेला लवकर. अप्पांची साखरही तपासा. ती वाढलेली असेल तर आधी ती आटोक्यात आणायला सांगतील. जाताना दोघांची सगळी औषधं आणि ती ड्रॉपची बाटली पिशवीत घाला. बाहुली मोठी करायचं औषध टाकलं की चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही. त्यामुळे तुमचा गॉगल सोबत असू द्या, आणि परत येताना मोटरसायकल दोघांपैकी कोणी चालवू नका. एसटी किंवा रिक्षाने या.